गळलेलं कडवं

पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडकडे निघाली की वाटेत परभणी जिल्ह्यातलं चुडावा लागतं. एकादशीच्या रात्री इथल्या भजनात एक चूक हमखास होते. पद लांब असतं, दर कडव्यानंतर तेच ध्रुवपद येतं, टाळांचा जोर वाढलेला असतो, आणि डोळे मिटून म्हणणारे बुवा दुसऱ्या कडव्यानंतरच्या ध्रुवपदावरून थेट चौथ्या कडव्यात शिरतात. चाल तुटत नाही, ताल चुकत नाही. मागं बसलेली एखादी आजी म्हणते, "बुवा, एक कडवं ऱ्हायलं की!" तेव्हा कुठं लक्षात येतं.

ध्रुवपद सगळीकडे सारखंच असल्यामुळं ते म्हणताना आपण नेमके कितव्या कडव्याशी आहोत, हे त्या ओळीवरून कळत नाही. एका ठिकाणी म्हणायला लागलं आणि दुसऱ्या ठिकाणाहून बाहेर पडलं, की मधला मजकूर गेला. पोथ्या हातानं उतरवल्या जायच्या त्या काळात नक्कल करणाऱ्याची नजर अशीच एका ओळीवरून खालच्या तशाच ओळीवर घसरायची.

माणसाच्या पेशीतही ही चूक होते. अशाच एका चुकीच्या खुणा आजही ज्या रक्तात सापडतात, तो रक्तगट जगभर आपल्या मुंबईच्या नावानं ओळखला जातो.

१९५२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटं टिपण आलं. लिहिणाऱ्यांत मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया होते, त्यांच्या जोडीला इंग्लंडमधले रक्तगटांचे नामवंत अभ्यासक रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स. विषय होता तीन माणसांचं रक्त. त्यांच्या तांबड्या पेशींवर 'ए' नव्हता, 'बी' नव्हता, आणि 'ओ' गटाच्या माणसातही जो असतो तो 'एच' नावाचा पदार्थसुद्धा नव्हता. हाच पुढं बॉम्बे रक्तगट झाला.

रक्तदान शिबिरात गट कसा बघतात ते आठवा. पांढऱ्या टाइलवर बोटातल्या रक्ताचे तीन थेंब ठेवतात. एकात निळं औषध टाकतात, ते अँटी-ए. दुसऱ्यात पिवळं, ते अँटी-बी. तिसऱ्यात बिनरंगाचं, ते आरएच बघण्यासाठीचं अँटी-डी. काडीनं ढवळून टाइल हलकेच हलवली की ज्या थेंबाशी औषध जुळतं त्या थेंबातलं रक्त नासलेल्या दुधासारखं कणीकणी होतं. निळ्यातही कणी नाही आणि पिवळ्यातही नाही, तर तंत्रज्ञ कार्डावर 'ओ' लिहितो. बॉम्बे गटाच्या माणसाचं रक्त या टाइलवर हुबेहूब 'ओ' दिसतं. फरक कळतो तो उलट तपासणीत. त्या माणसाच्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे सिरम, वेगळा काढून त्यात 'ओ' गटाच्या पेशी टाकल्या की त्यांच्या गुठळ्या होतात. 'ओ' गटाच्या माणसाच्या सिरममध्ये असं सहसा होत नाही.

रक्तपेशीच्या अंगावर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. त्या साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर चिकटली की 'एच' तयार होतो. 'एच' म्हणजे भिंतीतली खुंटी. त्या खुंटीवर एक जादा साखर अडकवली की गट 'ए', वेगळी अडकवली की 'बी', दोन्ही प्रकार असले की 'एबी', आणि खुंटी रिकामी राहिली की 'ओ'. बॉम्बे गटात भिंतीला खुंटीच नसते. अशा माणसाकडं 'ए' किंवा 'बी'चं जनुक धडधाकट असू शकतं, पण ते अडकवणार कशावर? ते जनुक तो आपल्या लेकराला देतो, लेकराला दुसऱ्या पालकाकडून खुंटी मिळते, आणि 'ओ' समजल्या गेलेल्या बापाच्या घरात 'एबी' गटाचं मूल जन्माला येतं. ज्या घरात ही गोष्ट कोणाला माहीत नाही, तिथं असा रिपोर्ट बाईच्या चारित्र्यावर येऊ शकतो. रक्तगटावरून असा निष्कर्ष काढू नये, याला एवढं एक उदाहरण पुरेसं आहे.

बॉम्बे गटाच्या माणसाला एरवी कसलाच त्रास नसतो. शेतातलं काम, बाळंतपण, म्हातारपण, सगळं चारचौघांसारखं. अडतं ते रक्त चढवायची वेळ आली की. त्याच्या शरीराला 'एच' परका आहे. म्हणून 'ए', 'बी', 'एबी' आणि सगळ्यांना चालतं म्हणून प्रसिद्ध असलेलं 'ओ', यांपैकी कोणतंही रक्त त्याच्या जिवावर बेतू शकतं. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं.

ही खुंटी नाहीशी कशी झाली, हे बघायचं तर आपल्या वंशाच्या बाडात, म्हणजे जीनोममध्ये, डोकावावं लागेल. बाड म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या उतरवत आणलेली पदांची हस्तलिखित वही. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीच्या केंद्रकात अशा ४६ वह्या आहेत, म्हणजे २३ जोड्या. जोडीतली एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. याच त्या गुणसूत्रांच्या जोड्या. मजकूर ए, टी, जी, सी या चारच अक्षरांत लिहिलेला, आणि एका पूर्ण संचात सुमारे ३०५ कोटी अक्षरं. पानाला २,००० अक्षरं धरली तर १५ लाख पानं होतात. एका पेशीतल्या या वह्यांचे सगळे धागे उलगडून टोकाला टोक लावले तर लांबी दोन मीटरच्या आसपास भरते, आणि ते मावतात मिलीमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान केंद्रकात.

या बाडात प्रथिनं बनवण्याच्या सूचना, म्हणजे ज्यांना आपण रूढ अर्थानं जनुकं म्हणतो, ती साधारण २०,००० आहेत. त्यांचा प्रत्यक्ष मजकूर सगळा मिळून शंभर पानांत एक-दोन पानं. मग बाकीच्या पानांवर आहे काय? कोणतं जनुक कधी आणि कुठं चालू करायचं याच्या खुणा आहेत. बंद पडलेल्या जनुकांचे सांगाडे आहेत. आणि जवळजवळ अर्धं बाड परत परत येणाऱ्या तुकड्यांनी भरलेलं आहे, म्हणजे ध्रुवपदांनी. त्यांतले बहुतेक असे की जे एके काळी स्वतःची नक्कल करून बाडात दुसरीकडं जाऊन बसायचे. काही अजूनही बसतात.

बाडाची जाडी आणि प्राण्याची थोरवी यांचा काही संबंध नाही, हेही इथंच सांगतो. आपल्या रानातल्या ज्वारीचा संच सुमारे ७३ कोटी अक्षरांचा. तिच्याबरोबर फोडून खातो त्या कांद्याचा १,६०० कोटींच्या घरात, माणसाच्या पाचपट. कांद्याला माणसाच्या पाचपट सूचना लागत नाहीत. त्याच्या बाडात परत येणारे तुकडे प्रचंड साचले आहेत, एवढंच.

माणसाच्या बाडातलं सगळ्यात फैलावलेलं ध्रुवपद म्हणजे अलू. लांबी जेमतेम ३०० अक्षरं. संख्या मात्र दहा लाखांहून जास्त, म्हणजे एकूण मजकुराचा दहावा हिस्सा. अलूचा मूळपुरुष पेशीतलंच एक कामाचं जनुक होतं. प्रथिनं योग्य जागी पोचवणाऱ्या यंत्रणेत ज्याची आरएनए नावाची प्रत लागते त्या जनुकाची मोडकी नक्कल सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, माकड-माणसांच्या आद्य पूर्वजांत सुटी झाली आणि पसरत गेली. स्वतःची नक्कल करायचं यंत्र अलूकडं नाही. ते तो एल-वन नावाच्या दुसऱ्या, मोठ्या फिरत्या तुकड्याकडून उसनं घेतो.

आता १९ क्रमांकाची वही उघडू. आकारानं लहान, सुमारे ५.९ कोटी अक्षरांची, पण जनुकांची दाटी सगळ्यात जास्त हिच्यात. अलूंचीही दाटी हिच्यातच; या वहीचा सुमारे चौथा हिस्सा अलूंनी व्यापलेला आहे. याच वहीत खुंटीची जनुकं आहेत. एक एफयूटी-१, रक्तपेशींवर खुंटी ठोकणारं. त्याच्यापासून ३५-४० हजार अक्षरांवर दुसरं एफयूटी-२, लाळेत आणि आतड्याच्या अस्तरावर तीच खुंटी ठोकणारं. आणि त्याच आळीत तिसरं सेक-१, जे दिसायला या दोघांसारखं आहे पण बंद पडलेलं आहे. ही तिन्ही भावंडं आहेत. कधीकाळी एकच जनुक होतं, त्याच्या नकला शेजारी-शेजारी पडल्या. एकीनं रक्ताचं काम धरलं, एकीनं लाळेचं, एक निकामी झाली. माणसाच्या जीनोममधली बहुतेक जनुक-घराणी अशीच वाढली. नवं जनुक कोऱ्या पानावर सहसा लिहिलं जात नाही. जुन्याची प्रत निघते, आणि मूळ प्रत काम सांभाळत असल्यानं दुसरीला बदलायला मोकळीक मिळते.

एफयूटी-१ मधली प्रथिनाची सूचना सुमारे १,१०० अक्षरांची आहे. भारतीय बॉम्बे गटाच्या लोकांत तिच्यातलं ७२५वं अक्षर बदललेलं सापडलं, टीच्या जागी जी. त्यामुळं प्रथिनाच्या साखळीतला २४२वा मणी ल्युसीनऐवजी आर्जिनीन झाला, आणि खुंटी ठोकणारा हातोडा निकामी झाला. एवढंच असतं तर रक्तात खुंटी नाही, पण लाळेत आहे, असं झालं असतं. या माणसांच्या लाळेतही ती नाही. जपानच्या योशिरो कोडा आणि सहकाऱ्यांनी शेजारचं एफयूटी-२ तपासलं, तेव्हा तिथं अक्षर बदललेलं नव्हतं, अख्खं जनुकच जागेवर नव्हतं. सुमारे १०,००० अक्षरांचा तुकडा गायब होता. २००० साली त्यांनी त्या तुकड्याच्या दोन्ही कडांचा मजकूर प्रसिद्ध केला. दोन्ही कडांना अलू होते.

भजनातली चूक ती हीच. बीजपेशी तयार होताना आईकडची आणि वडिलांकडची वही शेजारी ठेवून ओळीला ओळ जुळवली जाते आणि त्यांच्यात पानांची अदलाबदल होते. दहा लाख सारखी ध्रुवपदं असलेल्या बाडात कधीतरी एका जागचं ध्रुवपद पुढच्या ध्रुवपदाशी जुळवलं जातं. जोड तिथंच बसतो. दोन अलूंचा मिळून एक अलू उरतो, आणि मधलं कडवं, म्हणजे एफयूटी-२, गळून जातं. बुवांना सांगायला मागं आजी तरी असते.

बिघडलेलं एफयूटी-१ आणि गळलेलं एफयूटी-२ एकमेकांच्या इतके जवळ आहेत की अदलाबदलीत ते सहसा वेगळे होत नाहीत. जोडीनं पुढच्या पिढीत जातात. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर भारतातून गेलेल्या मजुरांच्या वंशजांत जो बॉम्बे गट सापडला, त्यात तोच अक्षरबदल आणि तीच गळती, दोन्ही मिळाले. वेगवेगळ्या ठिकाणी दोन्ही अपघात अगदी त्याच अक्षरांवर परत होणं जवळजवळ अशक्य. म्हणजे हे सगळे एका जुन्या पूर्वजाकडं जातात, ज्याचं नाव-गाव काळाच्या ओघात पुसलं गेलं, पण ज्याच्या हस्ताक्षरातली चूक शाबूत राहिली.

अलूला यात दोषी ठरवण्याची घाई मात्र करू नये. मकाक माकडांच्या लाळेत ए, बी, एच हे पदार्थ असतात, पण त्यांच्या तांबड्या पेशींवर नसतात. चिंपांझी आणि माणूस यांच्या तांबड्या पेशींवर ते आले. २००० सालीच फ्रान्समधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या माकडांची आणि वानरांची एफयूटी-१ ताडून पाहिली, आणि या जनुकाच्या न वापरल्या जाणाऱ्या भागात येऊन बसलेल्या एका अलूचा या बदलाशी संबंध दाखवला. म्हणजे रक्तावर खुंटी ठोकली जाण्यामागं एक अलू असावा, आणि मुंबईच्या त्या माणसांच्या लाळेतली खुंटी गेली त्यामागं दोन अलू. मला या सगळ्या विषयात याहून विलक्षण काही वाटत नाही.

ज्या तुकड्यांना कैक वर्षं कचरा म्हटलं गेलं, त्यांच्याकडं अशा नजरेनं बघायला हवं. जीनोमचा सुमारे ८ टक्के भाग जुन्या विषाणूंचे अवशेष आहे; त्यांतल्याच एका विषाणूच्या जनुकातून आलेलं सिन्सायटिन नावाचं प्रथिन आज गर्भाची वार तयार होताना लागतं. उलट क जीवनसत्त्व बनवायचं जनुक आपल्या पूर्वजांत मोडलं, त्याचा सांगाडा अजून बाडात आहे, आणि आपण आवळा-लिंबू खाऊन ती तूट भरतो. चिंपांझीसारख्या मोठ्या वानरांची चोवीस जोड्यांची बाडं, आपली तेवीस. कारण त्यांच्या दोन वेगळ्या वह्या आपल्यात एकत्र शिवल्या जाऊन २ क्रमांकाचं गुणसूत्र झालं. शिवण आजही त्याच्या मधल्या भागात दिसते.

या ध्रुवपदांनी संशोधकांनाही चकवलं. जीनोमचा कच्चा मसुदा २००१ साली छापला, २००३ साली काम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, तरी सुमारे ८ टक्के मजकूर वाचायचा राहिलाच होता. तेव्हाची यंत्रं मजकूर छोट्या तुकड्यांत वाचायची. नुसतं ध्रुवपद लिहिलेल्या शेकडो चिठ्ठ्या हातात आल्या तर कोणती कितव्या पानावरची हे कसं ठरवणार? लांबलचक सलग तुकडे वाचणारी यंत्रं आली, आणि २०२२ च्या मार्च महिन्यात गुणसूत्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा मजकूर, जवळपास २० कोटी नव्या अक्षरांसह, प्रसिद्ध झाला.

एक प्रश्न उरतो. मोडलेली खुंटी पिढ्यान्‌पिढ्या टिकली कशी? नुसत्या एफयूटी-२ बद्दल बोलायचं तर उत्तराचा एक भाग मिळतो. जगात बऱ्याच लोकांत हे जनुक वेगवेगळ्या बदलांमुळं बंद आहे, आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसच्या अनेक जाती अशा लोकांना सहसा पकडू शकत नाहीत, कारण आतड्यातली ती खुंटी धरूनच हा विषाणू शिरतो. बॉम्बे गटाचं मात्र मुख्य कारण मला घराण्याच्या वहीतच दिसतं. भाटिया आणि साठे यांनी १९७४ साली मुंबईत दर ७,६०० माणसांमागं एक हे प्रमाण सांगितलं. युरोपात ते दहा लाखांत एकाच्या आसपास मानतात. मुंबईच्या आकड्यावरून साधा हिशोब केला तर ज्याच्या जोडीतली एकच वही मोडकी आहे असा माणूस ४४ जणांत एक निघतो. हा परभणी जिल्ह्याचा आकडा नाही, पण अंदाज यावा म्हणून घेतो. अशा माणसाला स्वतःला काहीच जाणवत नाही. त्याची दुसरी वही शाबूत असते.

आपल्या मराठवाड्यात मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे. दक्षिणेकडच्या या नात्यांची मांडणी इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात केली आहे. आजोबांकडं एक मोडकी वही होती असं धरा. त्यांच्या नातवानं परक्या घरातली मुलगी केली तर त्या जोडप्याचं मूल बॉम्बे गटाचं निघण्याची शक्यता साधारण ७०० मध्ये एक. त्याच नातवानं मामाची मुलगी केली आणि ते आजोबा दोघांचेही आजोबा असतील, तर ६४ मध्ये एक. मामा-भाचीचं लग्न असेल तर ३२ मध्ये एक. रक्तगटाच्या बाबतीत निदान माणूस निरोगी तरी राहतो. थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे आजारही असेच, दोन्ही वह्या मोडक्या असतील तर होणारे, आणि त्यांत लेकराला आयुष्यभर सोसावं लागतं. नात्यातलं लग्न ठरवताना पत्रिकेआधी रक्ताची तपासणी करा, असं मी ओळखीच्या प्रत्येक घरी सांगतो, आणि इथंही सांगतो.

भाटियांनी वाढवलेलं रक्तगटांचं काम पुढं मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत चालत राहिलं. चुडाव्याहून तिथं पोचायला एक अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते, पण पहिली पायरी नांदेड किंवा परभणीच्या रक्तपेढीतही चढता येते. तुमच्या कार्डावर 'ओ' लिहिलं असेल आणि ते फक्त टाइलवर बघून लिहिलेलं असेल, तर पुढच्या वेळी रक्त द्याल तेव्हा सिरमची उलट तपासणी झाली का, एवढं विचारा. शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण जवळ आलं असेल तर आधीच विचारून ठेवा. घरात कोणी बॉम्बे गटाचं निघालं तर इंटरनेटवर रक्तदाता शोधण्याआधी सख्ख्या भावंडांना रक्तपेढीत न्या. आईवडिलांच्या त्याच दोन जोड्यांतून वह्या त्यांनाही मिळाल्या आहेत, आणि प्रत्येक भावंड बॉम्बे गटाचं असण्याची शक्यता चारात किमान एक असते.